स्टुका विमानाची ओतीव प्रतिकृति

आमच्या शाळेच्या विज्ञानकक्षांत कांचेचें एक कपाट आहे. त्यांत यंदां एका नव्या वस्तूची भर पडली. शाळेच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें आपल्या संग्रहांतील धातूचें एक लहानसें विमान शाळेस भेट म्हणून दिलें. दुसऱ्या महायुद्धांतील 'युंकर्स ८७' ह्या जर्मन विमानाची, म्हणजे जगाला 'स्टुका' ह्या नांवानें ठाऊक असलेल्या विमानाची, ती प्रतिकृति आहे. पेटींतून बाहेर काढतांच नववीच्या एका मुलानें ती हातांत घेतली, बांकावरून खालीं झेपावीत नेली आणि तोंडानें एक लांब, चढत जाणारी शीळ घातली. सारा वर्ग हंसला. खरें सांगावयाचें तर आम्हीही हंसलों. मग पुढल्या बांकावरील एका मुलीनें विमानाच्या पायांकडे बोट दाखवून विचारलें, "सर, चाकांच्या वरच्या बाजूला हे दोन छोटे पंखे कशाला? मोठा पंखा तर नाकावर आहेच."

ह्या प्रश्नाचें उत्तर एका तासांत पुरें झालें नाहीं. तीन तास लागले. त्या तीन तासांत जें सांगितलें आणि जें ऐकलें, तें येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम, ही वस्तु बनते कशी? अशा प्रतिकृतींस 'डाय-कास्ट' म्हणतात. आपल्याकडील ओतारी मातीचा सांचा करून त्यांत धातूचा रस ओततो आणि काम झालें कीं सांचा फोडतो. येथें तसें नाहीं. सांचा पोलादाचा असून त्याचे दोन भाग असतात. ते एकमेकांवर घट्ट मिटले कीं यंत्राचा दट्ट्या वितळलेला धातु मोठ्या दाबानें आंत ढकलतो. कांहीं क्षणांत तो गोठतो, सांचा उघडतो आणि तयार तुकडा बाहेर पडतो. त्याच एका सांच्यांतून असे हजारों तुकडे निघतात. धातु म्हणजे मुख्यत्वेंकरून जस्त. त्यांत शेंकडा चार ॲल्युमिनियम आणि किंचित् तांबें व मॅग्नेशियम. ह्या मिश्रधातूस 'झमाक' म्हणतात. चारही धातूंच्या जर्मन नांवांचीं आद्याक्षरें जुळवून हें नांव केलेलें आहे. तो सुमारें ३८५ अंश सेंटिग्रेडला वितळतो. इतक्या उष्णतेनें पोलादाचें कांहीं बिघडत नाहीं, आणि रस पातळ असल्यामुळें केंसासारखी रेघही ठसठशीत उठते.

ह्या धातूस एक रोगही आहे. जस्तांत शिशाचा अगदीं अल्प अंश राहिला तरी दमट हवेंत वर्षानुवर्षें तो धातूच्या कणांच्या सांध्यासांध्यांतून काम करीत राहतो. वस्तु फुगते, तडकते आणि अखेर शिळ्या बिस्किटासारखा तिचा चुरा होतो. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी ह्यांच्या मेक्कानो कारखान्यानें १९३४ पासून 'डिंकी टॉइज' ह्या नांवानें जीं खेळणीं विकलीं, त्यांतील युद्धापूर्वींचीं पुष्कळ ह्याच रोगानें गेलीं. हल्लीं ह्या कामास लागणारें जस्त ९९.९९ टक्के शुद्ध घेतात, म्हणून आमच्या विमानास तूर्त भय नाहीं. तरी आमच्या येथील पावसाळ्याचा अनुभव जमेस धरून कपाटांत चुनखडीची पुडी ठेविली आहे.

डिंकीचा उल्लेख आला, तेव्हां आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच नांवानें १९६९ सालीं स्टुकाची एक प्रतिकृति निघाली. तिच्या पोटाखालील बाँबमध्यें कागदी टिकली घालतां येई. आपल्याकडे मुलें दिवाळींत पिस्तुलांत घालतात, तशीच. बाँब जमिनीवर आपटला कीं टिकली फुटे. १९४१ च्या मे महिन्यांत जर्मन विमानांनीं लिव्हरपूल शहरावर लागोपाठ सात रात्री बाँबवर्षाव केला होता. त्यानंतर तीस वर्षेंही लोटलीं नव्हतीं, तोंच त्याच शहरांतील कारखाना मुलांसाठीं हें खेळणें करूं लागला. ह्यांत लिव्हरपूलच्या लोकांचें मोठें मन होतें कीं नुसता विसर, हें ठरविणें आम्हांस जड जातें.

आतां प्रमाणाकडे वळूं. आमची प्रतिकृति एकास बहात्तर ह्या प्रमाणाची आहे. इंग्रजी मापानें सहा फुटांस एक इंच, म्हणजे उंचापुरा माणूस एका इंचाचा. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार १३.८ मीटर होता; ७२ नें भागिलें तर १९.२ सेंटिमीटर. मुलांनीं पट्टीनें मोजलें, बरोबर आलें. मग वजनही ताडून पाहावें अशी टूम निघाली, आणि येथें बहुतेक जण फसले. बाँबसह विमानाचें वजन सुमारें ४,३०० किलोग्रॅम. तें ७२ नें भागून वर्गानें साठ किलोग्रॅम असें उत्तर काढलें. म्हणजे तळहातावरच्या विमानाचें वजन वाढत्या वयाच्या मुलाहून अधिक! लांबी ७२ पट घटली तर रुंदी आणि उंचीही तितक्याच पट घटतात. सबब वजन ७२ च्या घनानें, म्हणजे ३,७३,२४८ नें भागिलें पाहिजे. तसें भागिलें तर साडेअकरा ग्रॅम येतात, जुन्या मापानें जेमतेम एक तोळा. आमची प्रतिकृति प्रयोगशाळेंतील काट्यावर घातली, तों २३० ग्रॅम भरली. वीस पट जड! कारण उघड आहे. खरें विमान आंतून पोकळ. त्याचा पत्रा एक मिलिमीटर जाडीचा धरला, तर प्रतिकृतींत तो मिलिमीटरच्या बहात्तराव्या हिश्शाइतका पातळ हवा, आणि इतका पातळ धातु ओततां येत नाहीं. पत्र्यांच्या सांध्यांच्या ज्या रेघांचें मुलांस कौतुक वाटलें, त्याही अशाच फसव्या आहेत. रेघ पाव मिलिमीटर रुंदीची धरली तर खऱ्या विमानावर ती अठरा मिलिमीटरांची भेग होईल. डोळ्यांस खरें वाटावें म्हणून कारागिराला मापांत थोडें खोटें करावें लागतें.

हें प्रमाण केवळ संग्राहकांच्या हौसेसाठीं ठरलेलें आहे असें मात्र नव्हे. १९४२ च्या आरंभीं अमेरिकेच्या नौदलानें तेथील हायस्कुलांतील विद्यार्थ्यांकडून ह्याच प्रमाणाचीं विमानें बनवून मागितलीं; मागणी होती पांच लाखांची. आकाशांत दिसणारें विमान आपलें कीं शत्रूचें हें शिपायास एका दृष्टिक्षेपांत ओळखतां यावें, हा हेतु. छत्तीस फुटांवर धरलेली अशी प्रतिकृति अर्ध्या मैलाच्या किंचित् आंत असलेल्या खऱ्या विमानाएवढी दिसते. आम्हीं हा प्रयोग शाळेच्या व्हरांड्यांत करून पाहिला. एका टोकास एकानें विमान हातांत धरलें आणि बाकीचे दुसऱ्या टोकास उभे राहिले. रंग दिसेना, रेघा दिसेनात. बसलेल्या पक्ष्याप्रमाणें मध्यें खालीं वांकलेले पंख आणि लोंबणारे दोन पाय मात्र स्पष्ट दिसत होते. ज्यांनीं खरी स्टुका जमिनीवरून पाहिली, त्यांनीं प्रथम एवढेंच पाहिलें असावें. मग ऐकूं आलें असावें तें निराळें.

ह्या विमानाचें काम सूर मारून बाँब टाकण्याचें होतें. 'स्टुका' हें नांव त्याच अर्थाच्या एका लांबलचक जर्मन शब्दाचा संक्षेप आहे. सपाट उडणाऱ्या विमानांतून सोडलेला बाँब विमानाच्या गतीमुळें पुढें वाहत जातो, आणि उंचावरून एखादा पूल किंवा तोफ नेमकी टिपणें फार कठीण होतें. उलट विमानच लक्ष्यावर रोखून जवळजवळ उभें खालीं आणलें, तर विमानाची दिशा तीच बाँबची दिशा ठरते. घार कोंबडीच्या पिलावर येते तसें हें आहे. वैमानिकाच्या पायांपाशीं तळाला एक खिडकी असे. लक्ष्य तींतून दिसलें कीं तो पंखांखालच्या रोधकपट्ट्या उघडून विमान खालीं लोटी. ह्या पट्ट्या नसत्या तर वेग अनावर होऊन पंखच मोडले असते. बाजूच्या कांचेवर तिरप्या लाल रेघा काढलेल्या असत. त्या क्षितिजाशीं ताडून पाहिल्या म्हणजे आपण साठ अंशांनीं उतरत आहों कीं ऐंशी, हें कळे. सुमारें साडेचारशें मीटर उंची उरली कीं बाँब सुटे. तो आपल्याच नाकावरच्या पंख्यावर आदळूं नये म्हणून एक दुबेळकें त्यास झोक्यासारखें पुढें झुलवून मोकळें करी. त्यानंतर नाक वर उचलण्याचें काम एक स्वयंचलित योजना करी. कारण त्या क्षणीं वैमानिकाचें शरीर त्यालाच पांच-सहा पट जड होई, मस्तकांतील रक्त उतरे आणि डोळ्यांपुढें अंधारी येई. खिडकी, पट्ट्या, दुबेळकें हें सर्व आमच्या प्रतिकृतींत आहे. आणि प्रतिकृतीच्याच मापानें बोलावयाचें तर चार हजार मीटरांवरून मारलेला सूर पंचावन्न मीटरांवरून सुरू होतो, बाँब सहा मीटरांवर, म्हणजे आमच्या शाळेच्या कौलांच्या उंचीवर सुटतो, आणि खालचा माणूस सव्वादोन सेंटिमीटरांचा असतो.

विमानास ज्यांचें नांव आहे त्या ह्यूगो युंकर्स ह्यांच्याविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य वाटतें, कारण ह्या नांवानें त्यांच्यावर अन्याय होतो. ते आखेन येथें प्राध्यापक होते. स्नानाचें पाणी गॅसवर तापविण्याचीं यंत्रें करून त्यांनीं पैसा मिळविला आणि तो संशोधनांत घातला. १९१५ सालीं संपूर्ण धातूचें पहिलें विमान त्यांनीं उडविलें. हिटलरची सत्ता येतांच १९३३ मध्यें त्यांचे शोधाधिकार आणि कारखाने सरकारनें दडपणानें काढून घेतले आणि त्यांस नजरकैदेंत ठेविलें. १९३५ च्या फेब्रुवारींत ते वारले. स्टुका प्रथम उडालें तें त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत. रचना हेर्मान पोलमान ह्यांची; आणि त्या पहिल्या नमुन्याचें इंजिन कोणाचें म्हणाल, तर इंग्लंडच्या रोल्स-रॉइस कंपनीचें! पुढल्याच जानेवारींत सूर मारतांना त्या नमुन्याचें शेंपूट निखळलें आणि आंतील दोघेही ठार झाले. रचना सुधारली, काम पुढें चालूं राहिलें.

आतां ते दोन पंखे. ते विमान उडविण्यास लागत नव्हते, नेम धरण्यास लागत नव्हते, बाँब टाकण्यासही लागत नव्हते. ते भोंगे होते. सूर मारतांना वाऱ्यानें ते फिरत, आणि वेग वाढेल तसा त्यांचा आवाज चढत जाऊन किंकाळीसारखा होई. खालच्या माणसांचें धैर्य खचावें, एवढाच त्यांचा उपयोग. आमच्या नववीच्या मुलानें तोंडानें काढला तो हाच आवाज. पुष्कळ चित्रपटांत कोठलेंही विमान पडूं लागलें कीं हाच आवाज जोडतात, तेथें तो त्यानें ऐकला होता. वस्तुतः भोंगे फार काळ टिकले नाहींत. त्यांच्यामुळें विमानाचा वेग घटे, आणि आवाजानें शत्रूस आगाऊ सूचनाही मिळे; म्हणून पुढें ते बहुधा काढून टाकण्यांत आले.

ह्या भोंग्यांस 'यरीहोचीं रणशिंगें' असें नांव पडलें होतें. हें ऐकतांच वर्गांतील कित्येकांचे डोळे चमकले, कारण यहोशवाच्या पुस्तकांतील ती कथा त्यांनीं संडे-स्कुलांत ऐकलेली. सात याजकांनीं सात दिवस रणशिंगें वाजविलीं आणि यरीहोचा तट कोसळला, एवढें आम्हीं सांगितलें व पुढें जाऊं लागलों. तोंच एक मुलगा उभा राहून म्हणाला, "पण सर, तट पडल्यावर गांवांतल्या माणसांचं काय झालं तें आपण सांगितलं नाहीं." त्या कथेंत तट पडल्यावर नगरांतील स्त्रीपुरुष, तरुण आणि वृद्ध, सर्वांचा संहार होतो; एका राहाबेचें घर तेवढें वांचतें. आम्ही तो भाग गाळून पुढें चाललों होतों, आणि तें त्याच्या ध्यानांत आलें. तो प्रश्न यरीहोविषयीं होता, परंतु त्यानंतर स्टुकाविषयींही तोच प्रश्न टाळणें आम्हांस शक्य राहिलें नाहीं.

तेव्हां नकाशा काढला. स्पेनच्या पूर्व भागांत कास्तेयोन प्रांत आहे; तेथील डोंगराळ मुलखांत बेनासाल, आल्बोकासेर, आरेस आणि व्हिलार दे कानेस हीं चार खेडीं आहेत. १९३८ च्या मे महिन्यांत, स्पेनमधील यादवी युद्ध चालू असतां, जर्मनीनें तेथें पाठविलेल्या तीन स्टुकांनीं ह्या खेड्यांवर पांचशें किलोग्रॅमचे बाँब टाकले. एवढा मोठा बाँब घेऊन हें विमान नीट सूर मारतें कीं नाहीं, आणि बाँब कोठें पडून काय करतो, हें पाहावयाचें होतें. नंतर आकाशांतून छायाचित्रें घेऊन तीं अहवालासाठीं व्यवस्थित चिकटविण्यांत आलीं. अडतीस माणसें मेलीं. विज्ञानाच्या तासाला आम्ही मुलांस सांगत असतों कीं प्रयोग करावा, निरीक्षण टिपावें, आकृति काढावी. त्या अहवालांत ह्यांतील कशाचीही उणीव नव्हती.

पुढील वर्षीं, १ सप्टेंबर १९३९ च्या पहाटे, पोलंडमधील व्हिएलुन ह्या लहान शहरावर स्टुका आल्या. बाँब पडलेल्या पहिल्या इमारतींत तेथील इस्पितळ होतें. शहराचा मध्यभाग त्या दिवशीं बहुतेक जमीनदोस्त झाला.

स्टुकाच्या दिग्विजयाची कथा मुलांस अन्यत्र पुष्कळ वाचावयास मिळते, म्हणून ती येथें लांबवीत नाहीं. १९४० च्या मे महिन्यांत फ्रान्समध्यें त्यांच्यापुढें कोणाचा टिकाव लागेना; पण जेथें आकाशांत विरोध करणारें कोणी होतें, तेथें हें विमान दुबळें ठरलें. १८ ऑगस्ट १९४० ह्या एका दिवसांत ब्रिटिश विमानांनीं इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पंधरांहून अधिक स्टुका पाडल्या, आणि त्या आघाडीवरून त्या मागें घ्याव्या लागल्या. अशीं सुमारें सहा हजार विमानें बांधलीं गेलीं. त्यांतील साबूत अशीं दोनच उरलीं आहेत. एक लंडन येथें ब्रिटनच्या विमानदलाच्या संग्रहालयांत, दुसरें अमेरिकेंत शिकागो येथें.

ही विद्या जर्मनांपुरती होती असा समज मात्र होऊं नये. आपल्या देशाच्या विमानदलाच्या सातव्या आणि आठव्या स्क्वाड्रननीं १९४३-४४ मध्यें जपानी सैन्याविरुद्ध ब्रह्मदेशाच्या आघाडीवर 'व्हेंजन्स' नांवाचीं अमेरिकन बनावटीचीं सूर मारणारीं विमानें उडविलीं. त्या विमानाचा पंख अशा कोनांत बसविलेला होता कीं तें सपाट उडतांना नाक वर करून वेडेंवांकडें जाई, पण उभा सूर मात्र सरळ रेघेसारखा मारी. ह्या विमानाची धातूची प्रतिकृति आमच्या पाहण्यांत नाहीं. असती तर ती ह्याच कपाटांत ठेवून मुलांपुढें हेच प्रश्न मांडले असते.

शेवटच्या तासाला वाद निघाला तो हें विमान कपाटांत ठेवावें कीं नाहीं ह्याविषयीं. प्रश्न शेंपटापासून सुरू झाला. खऱ्या विमानाच्या शेंपटावर नाझी पक्षाचें आंकडेदार क्रुसाचें चिन्ह असे. आमच्या प्रतिकृतीवर ती जागा कोरी आहे. आपल्याकडे दारापुढें मंगलकार्याला जें स्वस्तिक काढतात, त्याच्या आकारासारखा तो आकार. पण अर्थ सर्वस्वीं भिन्न, हें मुलांस निराळें सांगावें लागलें. जर्मनींत हें चिन्ह मिरविण्यास कायद्याची बंदी आहे, शिक्षण आणि संशोधन ह्यांसारखे अपवाद सोडून. म्हणून देशोदेशीं माल विकणारे कारखानदार बहुधा तें गाळतात. बंदी रास्त आहे असें आमचें मत आहे. परंतु तिचा परिणाम असा कीं, खिळा न् खिळा खरा उतरविणाऱ्या वस्तूवर, ती कोणाची होती, हेंच तेवढें लिहिलेलें नाहीं.

ज्या मुलीनें पंख्यांविषयीं विचारलें होतें, ती म्हणाली, विमान राहूं द्यावें, पण पोटाखालचा बाँब काढून ठेवावा. बाँब सुटा आहे, सहज निघतो. शीळ घालणारा मुलगाही, आश्चर्य म्हणजे, तिच्याच बाजूचा झाला. आम्हीं नाहीं म्हटलें. शेंपटावरचें चिन्ह आधींच गेलेलें आहे. बाँबही काढला तर उरेल तो एक देखणा पक्षी, आणि तो पाहणाऱ्यास तीन तास शिकवावयास आम्ही कपाटापाशीं उभे नसूं. ती पटली असें म्हणाली नाहीं. मग असें ठरलें कीं बाँब तसाच ठेवावा, आणि खालीं एक पुठ्ठ्याचें कार्ड लावावें. कार्डावर काय लिहावयाचें तें तिनेंच लिहून आणलें. विमानाचें नांव, वर्ष, प्रमाण. पायांवरचे पंखे म्हणजे भोंगे, माणसांस भिवविण्यासाठीं. आणि खालीं त्या चार खेड्यांचीं नांवें व अडतीस हा आंकडा. तळाला तिनें पट्टीनें मोजून सव्वादोन सेंटिमीटर उंचीची शाईची एक उभी रेघ काढली आहे, आणि तिच्याशेजारीं लिहिलें आहे, 'माणूस, ह्याच प्रमाणांत'.

कार्ड विमानाच्या उजव्या पंखाखालीं लावलें आहे. जाड भिंगाची आवश्यकता नाहीं. साध्या डोळ्यांनीं वाचतां येतें.